आधार जोडला म्हणजे जीभ आवरते?

एखाद्या अभिनेत्रीच्या, महिला पत्रकाराच्या किंवा नुसतं आपलं मत मांडणाऱ्या कॉलेजातल्या मुलीच्या पोस्टखाली घाणेरड्या धमक्यांचा खच पडतो. दोन दिवस हळहळ होते आणि तिसऱ्या दिवशी ठरलेली मागणी पुढं येते: सोशल मीडियाची सगळी खाती आधारशी जोडा, ओळखपत्र दाखवल्याशिवाय कुणाला तोंड उघडू देऊ नका. मागणी जुनीच आहे. 2018 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात अशा याचिका झाल्या आणि 2019 मध्ये ती प्रकरणं वर्ग करून घ्यावीत म्हणून फेसबुक सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हापासून वाद त्याच दोन खुंट्यांना टांगलेला आहे. एक बाजू म्हणते, लपून बोलणारे भेकड असतात. दुसरी म्हणते, अभिव्यक्तिस्वातंत्र्य धोक्यात येईल. गंमत अशी, की माणूस नाव लपवतो म्हणून उर्मट होतो, हे दोघांनीही मनातून मान्य केलेलं दिसतं. भांडण फक्त उपायाची किंमत परवडते का, एवढ्यावरच. मला तर हे निदानच चुकीचं वाटतं. नावाच्या सक्तीनं उर्मट माणूस जागचा हलत नाही. हलतो तो, ज्याला बोलल्याची किंमत घरात, गावात किंवा नोकरीत मोजावी लागणार असते.

निदान तपासून बघायला फार लांब जायला नको. मराठी माणसाची सर्वांत कडवट ऑनलाइन भांडणं कुठं होतात? ट्विटरवरच्या मुखवट्यांमध्ये नव्हे. ती होतात कुटुंबाच्या, शाळेच्या जुन्या तुकडीच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तिथं प्रत्येकाचं नाव आहे, नंबर आहे, नातवासोबतचा डीपी आहे, आणि सिमकार्ड घेताना ओळखपत्रही देऊन झालेलं आहे. म्हणजे सरकारला हवी ती ‘पडताळलेली ओळख’ तिथं आधीच हजर आहे. तरी निवडणुकीच्या मोसमात सख्खे मावसभाऊ ग्रुप सोडतात, आणि पुढच्या लग्नात दोघांना वेगवेगळ्या पंगतीला बसवायची जबाबदारी यजमानांवर येते.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून पेटलं होतं. सुरुवात साधी: ‘जिन्यात पुन्हा दूध सांडलंय, संबंधितांनी नोंद घ्यावी.’ हे ‘संबंधितांनी’ म्हणजे कोण, ते सगळ्यांना ठाऊक. अर्ध्या तासात ‘ज्यांना प्राण्यांचा एवढा पुळका आहे त्यांनी फार्महाऊस घ्यावं’. त्यावर ‘आधी थकलेला मेन्टेनन्स भरा, मग शिकवा’. मग कुणीतरी तीन वर्षांपूर्वीचं गळतीचं प्रकरण उकरून काढलं. एका काकांनी मध्येच सुप्रभातचं सूर्यफूल टाकलं, त्यालाही कुणी उपरोध समजलं. यातल्या प्रत्येकाचा फ्लॅट नंबर प्रत्येकाला पाठ आहे. सकाळी लिफ्टमध्ये हीच मंडळी एकमेकांना ‘काय, बरंय ना?’ म्हणत होती. त्यांना तिखट बनवलं ते लिफ्टमध्ये नसलेल्या एका गोष्टीनं: बघ्यांनी. दोनशे जण वाचताहेत म्हटल्यावर उत्तर समोरच्याला दिलं जातच नाही, ते गर्दीला दिलं जातं. गर्दीसमोर माघार म्हणजे नामुष्की. मग नाव उघड असणं उलट बाधतं, कारण पणाला लागलेली असते ती आपली खरीखुरी, रोजची अब्रू.

ओळखसक्तीवाल्यांची बाजू मी हलकी समजत नाही. त्यांचा पहिला मुद्दा बिनतोड आहे. बाईला बलात्काराची धमकी देणारं खातं बहुतेक वेळा परवाच उघडलेलं असतं, डीपीवर एखादा नट किंवा देव असतो, आणि तक्रार होईस्तोवर ते गायब झालेलं असतं. ही भीती ज्या बाईनं रात्री दोन वाजता फोनच्या उजेडात अनुभवली आहे, तिला तत्त्वज्ञान ऐकवणं हा निर्लज्जपणा आहे. दुसरा मुद्दाही खराच: एक माणूस पन्नास खोटी खाती चालवून ‘जनमत’ उभं करतो, आणि तसं करणाऱ्या पगारी टोळ्या सगळ्याच पक्षांच्या दिमतीला असतात. तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. आपली वर्तमानपत्रं वाचकांची पत्रं छापतात, पण खाली नाव-पत्ता नसलेलं पत्र टोपलीत जातं. छापील जगानं जी शिस्त पाळली, ती पडद्यावर का नको?

पण छापील जगाची ती शिस्त नीट आठवून तर पाहू. संपादकाला नाव हवं असे. वाचकाला ते सांगायलाच हवं, असा नियम कधीच नव्हता. 1848 पासून मुंबईत भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी पत्रं येऊ लागली, त्यांवर ‘लोकहितवादी’ एवढीच सही असे. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, वयानं पंचविशीतले होते, आणि आपल्याच समाजाच्या आळसावर, भटशाहीवर, विधवांच्या हालांवर कोरडे ओढत होते. भाषा मऊ अजिबात नव्हती. आजच्या मोजमापानं त्यांतली कित्येक पत्रं ‘भावना दुखावणारी’ ठरतील आणि खाली कुणीतरी नक्की लिहील, ‘हिंमत असेल तर खऱ्या नावानं बोल!’ टोपणनावामुळे त्यांची लेखणी अधिक तिखट झाली असेल, हे मी मान्य करतो. तो तिखटपणा वगळला तर मराठी गद्याच्या पदरात काय उरतं? आज ग्रामीण रुग्णालयातली एखादी परिचारिका औषधांच्या तुटवड्याबद्दल टोपणनावानं लिहिते, तेव्हा तिच्या डोक्यावर 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम असतात. तिचं आधार मागणं म्हणजे तिला गप्प बस म्हणणंच. तिच्या पोस्टखाली शिव्या देणाऱ्याला मात्र असल्या कुठल्या नियमाची धास्ती नाही.

स्त्रियांच्या रक्षणासाठी म्हणून ही सक्ती मागितली जाते, म्हणून याच प्रांतातल्या दोन स्त्रियांची उदाहरणं शेजारी शेजारी ठेवायला हवीत. ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ स्वतःच्या नावानं छापली. टीकेचा असा भडिमार झाला की जोतीराव फुल्यांना ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकातून त्यांची बाजू घ्यावी लागली, ताराबाईंचं त्यानंतरचं दुसरं पुस्तक आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. तीन वर्षांनी, 1885 मध्ये, मुंबईच्या टाइम्समध्ये बालविवाह आणि वैधव्याबद्दल पत्रं आली, सही होती ‘एक हिंदू स्त्री’. ती लिहिणाऱ्या रखमाबाई. त्यांनी नांदायला यावं म्हणून नवऱ्यानं लावलेला खटला त्यांच्यावर तेव्हा चालूच होता. आपलं नाव आधीच कोर्टाच्या दारात टांगलेलं असताना त्या युक्तिवाद नावापासून सोडवून मांडू शकल्या, म्हणून वाचकाला निदान काही काळ तरी बाईऐवजी मुद्द्याकडं बघावं लागलं. ताराबाईंना ती सवलत मिळाली नाही. नाव कळलं की बाईच्या मुद्द्याला कुणी उत्तर देत नाही, तिच्या संसाराला देतात. आजही एखादीनं अर्थसंकल्पावर लिहिलं, की खाली येतं: ‘ताई, स्वयंपाक झाला का?’ यात एकही शिवी नाही, कुठलीही चाळणी याला अडवणार नाही. आणि लिहिणाऱ्याचं खातं शंभर टक्के खरं असतं. महाबळेश्वरला बायकोमुलांसोबत काढलेल्या फोटोसकट.

‘पण पूर्वी लोक नावानं भांडायचे आणि पातळी सोडत नसत,’ असं एक गोड स्मरण या वादात नेहमी फिरतं. कुठलं पूर्वी? आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, ती अंधारात तोंड लपवून नव्हे, भर रस्त्यातून. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांची जी टवाळी केली, ती पूर्ण नावानिशी, आणि शुद्धलेखनाच्या चुका काढण्यापर्यंत खाली उतरून. सावित्रीबाईंवर शेण फेकलं गेलं, तेही भर रस्त्यात. आणि 1890 चं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण तर आजच्या भाषेत सरळसरळ ‘याद्या व्हायरल करणं’ होतं. मिशनऱ्यांच्या आवारात एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं झाली. कोणकोण हजर होते त्यांची नावं गोपाळराव जोशी यांनी ‘पुणे वैभव’कडं पोचवली, आणि ती छापून आली. पुढं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि रानडे-टिळकांसारख्यांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली. एका कप चहासाठी! नावं उघड झाल्यानं त्या वादात सभ्यता किती आली, ते कळायला मार्ग नाही; बहिष्काराला पत्ता मिळाला, एवढं नक्की. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यावरून ते हत्यार अजून बोथट झालेलं नाही हेही उघड आहे. जातपंचायतीच्या मनमानीबद्दल पहिला शब्द लिहिणाऱ्या पोरानं तो कुठल्या नावानं लिहावा, याचा सल्ला ओळखसक्तीवाल्यांनी जरूर द्यावा.

त्याहून जवळचं उदाहरण पालघरचं. नोव्हेंबर 2012, बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालेलं, मुंबई बंद. एका तरुणीनं फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला, दुसरीनं ते लाइक केलं. दोघींनी खरं नाव वापरलं होतं. दोघींना अटक झाली, त्यातल्या एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या कलमाचा त्यात वापर झाला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्दबातल ठरवलं. कलम गेलं, धडा राहिला: त्या पोस्टमधली भाषा कुणाही घरातल्या जेवणाच्या टेबलावर चालली असती. सभ्य, सही असलेली असहमती एवढी महाग पडत असेल, तर पुढची मुलगी काय करील? ती एकतर नाव लपवील किंवा गप्प बसेल. दवाखाना फोडणाऱ्यांना आपलं नाव लपवायची गरज वाटली होती का?

एका देशानं हा प्रयोग करूनही पाहिला आहे. दक्षिण कोरियानं 2007 मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी ओळख पटवणं सक्तीचं केलं. कारण आपलंच: नामांकित व्यक्तींवरची विखारी टीका आणि त्यातून ओढवलेल्या आत्महत्या. 2009 मध्ये यूट्यूबनं नियम पाळण्याऐवजी तिथल्या आवृत्तीवर व्हिडिओ चढवण्याची सोयच बंद केली. 2011 मध्ये नेट आणि सायवर्ल्ड या सेवांवर दरोडा पडला आणि साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली; देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास. ऑगस्ट 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं एकमतानं ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. बेकायदा मजकुरात लक्षणीय घट झाल्याचं दिसत नाही, लोक परदेशी संकेतस्थळांकडे वळले, आणि सामान्यांच्या बोलण्यावर मात्र दडपण आलं, असा त्याचा मथितार्थ होता. जी माहिती जमा करायलाच नको होती ती एका जागी जमली, म्हणून चोराला एकच कुलूप फोडावं लागलं. आपल्याकडं झेरॉक्सच्या दुकानात आधारच्या प्रती भज्यांना गुंडाळायच्या कागदासारख्या पडलेल्या असतात. साडेतीन कोटींचा आकडा इथं किती होईल, याचा विचार प्रत्येकानं करावा.

मग धमकी देणाऱ्याला मोकळं सोडायचं का? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत 507 वं कलम होतं: निनावी पत्रानं किंवा नाव-ठिकाण लपवून धमकी दिली, तर धमकीच्या मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच 351(4) म्हणून उतरलं आहे. कायदा करणाऱ्यांना निनावी पत्रं माहीत होती, तरी त्यांनी टपालपेटीपाशी ओळखपत्र तपासणारा शिपाई उभा केला नाही. गुन्हा धमकीचा, नाव लपवणं तो गंभीर करणारी गोष्ट. शिवाय आज माणूस पोस्टकार्डापेक्षा कितीतरी जास्त खुणा मागं सोडतो: आयपी पत्ता, मोबाइल नंबर, ओळखपत्रावर घेतलेलं सिम. त्या शोधता येतात. प्रत्यक्षात काय होतं? बाई स्क्रीनशॉटची चळत घेऊन पोलीस ठाण्यात जाते, तिला ‘मॅडम, अकाउंट बंद करून टाका ना’ हा सल्ला मिळतो, नाहीतर ‘सायबरला जा’. सायबरवाले म्हणतात, आधी हद्दीतल्या ठाण्यात अर्ज द्या. तपास करणाऱ्यांचं दुर्लक्ष झाकायला सबंध देशाची ओळखपत्रं मागवणं, हा कसला न्याय? आणि पन्नास खोट्या खात्यांचा मुद्दा निनावीपणाचा नाहीच. एक माणूस टोपणनावानं बोलणं वेगळं, आणि एकच माणूस पन्नास तोंडांनी एकाच वेळी तेच वाक्य ओकणं वेगळं. दुसरी गोष्ट वागण्यावरून पकडता येते, आणि ती पकडण्याची जबाबदारी त्यातून पैसा कमावणाऱ्या कंपन्यांची आहे.

वादाची रीत सुधारायची तर वेग, गर्दी आणि निकाल या तीन ठिकाणी हात घालावा लागेल. गर्दीचं आमच्या ग्रुपवर दिसलंच; वेगाचा पुरावा आपल्याच मातीतला आणि रक्ताळलेला आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्या दिवसांत ती अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होती, आणि प्रत्येकाला ती ओळखीच्याच माणसाकडून, त्याच्या नाव-नंबरासकट येत होती. म्हणून तर लोक विश्वास ठेवत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एकावेळी पाचच जणांना पुढं पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेला मजकूर एकावेळी एकालाच पाठवता येईल असं केलं, तेव्हा असा मजकूर पाठवण्याचं प्रमाण 70 टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनंच सांगितलं. कुणाची ओळख तपासली नाही, कुणाला गप्प केलं नाही. पुढं ढकलणाऱ्या अंगठ्याला फक्त थोडं थांबायला लावलं. ‘केसरी’ला ‘सुधारका’चं उत्तर द्यायला पुढचा अंक यावा लागे. त्या आठवड्याभरात टिळक-आगरकर काही संत होत नसत, पण रकाना भरायचा तर शिवीच्या पुढं काहीतरी युक्तिवाद करावाच लागे. ‘हाऽहाऽ’ एवढंच छापायला कंपोझिटर तयार झाला नसता.

निकालाचं म्हणाल तर पुन्हा आमची कुत्री. ग्रुपवर दोन आठवडे रण माजलं, पण ग्रुपवर काही ठरत नसतं, त्यामुळे संपण्याचं कारणही नसतं. तोच विषय वार्षिक सभेच्या कार्यसूचीवर आला तेव्हा तीच माणसं, तेच गळे. पण अध्यक्ष, सूचक, अनुमोदक, इतिवृत्त. ‘आधी मेन्टेनन्स भरा’ म्हणणाऱ्याला सेक्रेटरींनी शांतपणे विचारलं, ‘हे ठरावात कसं लिहू?’ तो बसला. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे खाऊ घालायची जागा नेमून द्यावी लागते, हे कुणीतरी वाचून आलं होतं. मागच्या फाटकाजवळची जागा आणि सकाळ-संध्याकाळच्या वेळा ठरल्या. दोन्ही बाजू कुरकुरल्या. मनं जुळली, असा माझा अजिबात दावा नाही. पण वाद एका ठिकाणी येऊन थांबला, कारण त्याला थांबायला जागा होती.

यावर कुणी म्हणेल, अख्ख्या देशाच्या राजकारणाला इतिवृत्त कुठून आणायचं? नाहीच आणता येणार. पण भाऊ महाजनांची खुर्ची भरता येते. लेखकाचं नाव पोटात ठेवणारा, मजकूर वाचणारा, काय जाईल काय नाही याची जबाबदारी घेणारा माणूस कंपन्यांनी मराठीसाठी किती नेमलाय, हा प्रश्न आधारच्या गदारोळात कुणी विचारतच नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी 50 लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या सेवांना भारतात तक्रार अधिकारी नेमायला लावलं; त्याच नियमांत स्वतःहून ओळख पटवू इच्छिणाऱ्याला तशी सोयही दिली, आणि ती ऐच्छिक ठेवली. ते शहाणपणाचं होतं. आता विचारायला हवं ते हे, की कोल्हापुरी बोलीतली जातिवाचक शेलकी शिवी ज्याला कळत नाही, ‘स्वयंपाक झाला का’मधला डंख ज्याला जाणवत नाही, असं यंत्र आमच्या तक्रारी किती दिवस फेटाळणार? आणि गृहखात्याला विचारायचं ते हे, की 351(4) खाली राज्यात किती गुन्हे नोंदले गेले, त्यात किती आरोपी सापडले, किती सापडले नाहीत. जिल्हावार आकडे दरवर्षी विधानसभेत ठेवा. धमकी देणारा ओळख नसल्यामुळे सुटतो की शोधायला कुणी गेलंच नाही म्हणून, ते त्या तक्त्यात दिसेल. माझ्या-तुमच्या आधारकार्डाला हात घालायची चर्चा त्यानंतर करू.